फोन बदलण्याआधी बॅटरी पाहा, बदलल्यावर केबल

मा. संपादक,

सणासुदीच्या सवलती लागल्या की तीन-चार वर्षे वापरलेला फोन एकाएकी जुना वाटू लागतो. पण ‘फोन टिकत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा बॅटरीची असते. साधारण ५०० पूर्ण चार्जिंगनंतर लिथियम बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते. तिचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे कॅमेरा उघडताच व्होल्टेज कोसळते आणि २०-३० टक्के दाखवणारा फोन बंद पडतो. केबल सैल बसत असेल तर फोन बंद करून जॅकमध्ये साचलेला मळ लाकडी टूथपिकने हलकेच काढावा. बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले असेल, तर मात्र चार्जिंग त्याच क्षणी थांबवून ती बदलून घ्यावी.

फोन बदलण्याचे खरे कारण म्हणजे सुरक्षा अपडेट बंद होणे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसते. ती दोन वर्षांपूर्वीची असेल आणि त्याच फोनवरून यूपीआय चालत असेल, तर बॅटरीवर पैसे घालू नयेत.

आता अनेक नव्या फोनच्या खोक्यात अॅडाप्टर नसतो, आणि ग्राहक फसतो तो इथेच. अॅडाप्टरवर बीआयएसची म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा ८ अंकी क्रमांक असावा लागतो. तो ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकला की नोंदणी असलेल्या उत्पादकाचे नाव समोर येते. खोक्यावर ‘६५ वॅट’ छापले असले तरी अॅडाप्टरच्या अंगावरची ‘आउटपुट’ची ओळ वाचावी, तिथे फक्त ५ व्होल्ट, २ अँपिअर असेल तर तो १० वॅटचाच. काही कंपन्यांचे जलद चार्जिंग त्यांच्याच अॅडाप्टर-केबलवर पूर्ण वेगाने चालते. इतरांवर फोन हळू भरतो, बिघडत नाही. घरात वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन असतील तर ‘पीडी’ आणि ‘पीपीएस’ या जलद चार्जिंगच्या सामायिक पद्धती दोन्ही असलेला २५-३० वॅटचा एकच अॅडाप्टर घेणे किफायतशीर.

केबलकडे कोणी बघतच नाही, आणि अर्धे दोष तिचेच असतात. काही केबलींच्या आवरणावर तारेची जाडी ‘एडब्ल्यूजी’त छापलेली असते. आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. वीज वाहणाऱ्या तारा २८ क्रमांकाच्या असतील, तर १ मीटर लांबीत २ अँपिअरला जवळपास ०.८ व्होल्ट वाटेतच जातात आणि ५ व्होल्टपैकी जेमतेम ४.२ फोनपर्यंत पोचतात. २४ क्रमांकाच्या तारेत ही गळती ०.३५ व्होल्टच्या आत राहते. स्वस्त नेकबँड किंवा ट्रिमर दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलने चार्ज होत नसेल, तर चार्जर खराब समजू नये. उपकरण जोडल्याची खूण चार्जरला देणारे ५.१ किलोओहमचे रोधक त्यात बसवलेले नसतात, म्हणून चार्जर वीज सोडतच नाही. जुन्या चौकोनी यूएसबी टोकाची केबल आणि अॅडाप्टर त्यासाठी जपून ठेवावेत.

पॉवर बँकेवरचा १०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ५ व्होल्टला हाती येतात सहा-साडेसहा हजार, म्हणून प्रत्यक्ष मिळणारी ‘रेटेड कपॅसिटी’ पाहूनच किंमत ठरवावी.

जुना फोन विकताना रीसेट करण्याआधी गूगल खाते काढून टाकावे, नाहीतर घेणाऱ्याकडे तो कुलूपबंदच राहू शकतो. वापरलेला फोन घेणाऱ्याने *#०६# दाबून आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख क्रमांक पाहावा. केवायएम ही इंग्रजी अक्षरे, मोकळी जागा आणि तो १५ अंकी क्रमांक १४४२२ वर एसएमएस केला की तो चोरीच्या वगैरे फोनच्या काळ्या यादीत आहे का ते कळते.

पाकीटबंद मालावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किंमत आणि तक्रारीचा क्रमांक छापणे कायद्याने बंधनकारक आहे. तरीही यातले काहीच नसलेले अॅडाप्टर आणि पॉवर बँका बसस्थानकांबाहेर, आठवडी बाजारांत राजरोस विकल्या जातात. वैधमापन विभागाने सणाच्या आधीच या मालाची तपासणी करावी आणि जप्त मालाची माहिती वृत्तपत्रांतून द्यावी.

— मोबाइल दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक, नाशिक