ऐरोलीच्या खाडीवरच्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात येणाऱ्या माणसांना तुम्ही होडीतून ठाण्याची खाडी दाखवता. रोहित पक्ष्यांच्या, म्हणजे फ्लेमिंगोंच्या, दिवसांत तुमच्याकडे इतकी गर्दी असते की आम्ही तुमच्या लक्षात असू का, सांगता येत नाही. कळव्याहून आलो होतो. मी, माझा चौथीतला मुलगा, आई आणि पांढरी काठी घेतलेले माझे बाबा. तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण ते उघड लिहायला तुमची परवानगी घेतलेली नाही. पण आभार मात्र उघडच मानायचे आहेत. बाबांना खाडी दाखवताना तुम्ही नेमकं काय केलंत ते चार लोकांनी वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

बाबांची दृष्टी काचबिंदूने गेली. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं. त्यांची सगळी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात झाली. कंपनीच्या बसच्या खिडकीतून त्यांनी दिघा, ऐरोली, रबाळे अशी ही वाट वर्षानुवर्षं पाहिली. खाडी कायम एका बाजूला होती, पण पाण्यावर जायचा योग कधी आला नाही. निवृत्तीनंतर जाऊ म्हणत होते, तोवर डोळे गेले. मग आम्ही कुठे फिरायला निघालो की ते म्हणायचे, "तुम्ही जाऊन या, मी घर बघतो."

त्यांना घेऊन आम्ही याआधी एका ठिकाणी गेलो होतो. तिथल्या खिडकीवरचा माणूस त्यांच्यासमोरच मला म्हणाला होता, "यांचं तिकीट कशाला काढता, यांना काय दिसणार?" त्यामुळे ऐरोलीला येताना माझी उत्तरं आधीच तयार होती. ती लागलीच नाहीत. तुम्ही पुढे आलात आणि मला काही न विचारता थेट बाबांना विचारलंत, "काका, जन्मापासून दिसत नाही की नंतर गेलं? म्हणजे रंग सांगितले तर कळतील ना?" इतका सरळ प्रश्न त्यांना कितीतरी दिवसांत कुणी विचारला नव्हता. बाबा म्हणाले, "सगळे रंग कळतात, सांगा तुम्ही." तिथून पुढचे दोन तास तुम्ही त्यांच्याशीच बोलत होतात. आम्ही बाकीचे ऐकत होतो.

चालताना तुम्ही त्यांचा दंड धरून ओढलं नाहीत, स्वतःचं कोपर पुढे केलंत. हे तुम्ही कुठे शिकलात मला माहीत नाही, पण न दिसणाऱ्या माणसासाठी या एका गोष्टीने फार फरक पडतो. कोपर धरलं की चालणारा स्वतःच्या पावलांनी चालतो. पायरी आली की पुढच्याचं अंग खाली-वर झालेलं त्याला हाताला कळतं. धक्क्यावरून होडीत उतरताना सुकाणूवरच्या दादांनीही तेच केलं. "काका, उजवा पाय एक वीत खाली, मग फळी लागंल. बिनधास टाका, मी हाय," एवढंच बोलले. बाबा एकटे उतरले. आईने माझा हात घट्ट धरला होता, तो तेव्हा सोडला.

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. तिवरांमधून जाणाऱ्या वाटेवर तुम्ही त्यांना खाली वाकवून चिखलातून वर आलेली श्वसनमुळं चाचपायला लावलीत. त्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून तिवराची मुळं श्वास घ्यायला बोटांएवढी वर येतात, हे मी शाळेत वाचलं होतं. बाबांनी ते बोटांनी मोजलं. मग चिप्पीचं खाली पडलेलं फळ तुम्ही त्यांच्या तळहातावर ठेवलंत. चपटं गोल फळ, त्याच्या बुडाशी चांदणीसारखी पाकळी, टोकाला बारीक दांडी. पांढरी चिप्पी हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे, 2020 मध्ये तसं जाहीर झालं, हेही सांगितलंत. पुढे तिवराची एक फांदी न तोडता तशीच वाकवून म्हणालात, "पान जिभेला लावून बघा." खारट! झाड मुळांतून घेतलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं, त्याचे कण पानावर बसतात. माझ्या मुलाने पाठोपाठ जीभ लावली, मग आईनेही. खाडीच्या काठावर इतकी वर्षं राहून हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

होडी निघाल्यावर तुम्ही जी युक्ती केलीत तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय. "काका, होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, घड्याळातले बारा धरा," म्हणालात, आणि मग सगळी खाडी त्या घड्याळात बसवलीत. दहा वाजता शेकाट्या उभ्या आहेत, लाल पायांच्या. तीन वाजता खांबावर ब्राह्मणी घार. अकराला कुरवांचा थवा पाण्यावर बसलाय. बाबा मान वळवायचे आणि त्या दिशेला कान लावायचे. थोड्या वेळाने तेच सांगायला लागले. "पाचच्या बाजूला पूल आहे ना, ऐरोलीचा? जोडांवरून गाड्या जाताना वाजतंय." तुम्ही म्हणालात, "बरोब्बर पाच. मी रोज येते, पण हा आवाज कधी वेगळा ऐकला नव्हता." तुम्ही हे त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाला नव्हतात. नंतर दुसऱ्या प्रवाशांना तुम्ही तो आवाज ऐकायला सांगितलात, ते मी पाहिलं.

रोहित दिसले तेव्हा होडीत एकच गलका झाला. सगळे मोबाइल काढून उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, "दादा, अजून जवळ घ्या, उडवा जरा, फोटो छान येतील." तुम्ही नाही म्हणालात. आवाज चढवला नाहीत, पण शब्द पक्के होते. पाणी उतरून गाळ उघडा पडतो तेवढाच वेळ या पक्ष्यांना नीट खाता येतं. त्यातून उगाच उडवलं तर खाणंही जातं आणि ताकदही. उडण्याआधी त्यांना पाण्यावर धावत जावं लागतं, त्याला किती जोर लागतो ते सांगितलंत. शेवटी म्हणालात, "इथे पाहुणे आपण आहोत." दादांनी इंजिन बंद केलं आणि तुम्ही सगळ्यांना बसायला सांगितलंत.

इंजिन थांबल्यावर बाबांना रोहित ऐकू आले. बदकांच्या जातीचा, घशातला, सतत चाललेला आवाज, शेकडो पक्ष्यांचा एकत्र. मध्येच एखादा मोठ्याने ओरडतो. चोची गाळात फिरताना पाण्याची चुळचुळ. त्यांची चोच खाताना उलटी असते, जीभ आत पाणी खेचते आणि कडेच्या बारीक दात्यांमधून बाहेर ढकलते, खाणं तेवढं आत राहतं, हे तुम्ही हळू आवाजात सांगत होतात. छोटा रोहित पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, मोठा रोहित गाळात चोच खुपसून बारीक कोळंबी आणि किडे शोधतो, म्हणून दोघं एकाच खाडीत नांदतात. उंची समजावी म्हणून माझ्या मुलाला उभं केलंत, बाबांचा हात त्याच्या छातीवर ठेवलात. "छोटा रोहित इथपर्यंत. आणि मोठ्याने मान ताणली तर तो याच्या डोक्यावरून बघेल." मुलगा ताठ उभा राहिला होता, हलायलाच तयार नव्हता.

मग बाबांनी विचारलं, "गुलाबी म्हणजे कसा गुलाबी?"

तुम्ही जरा थांबलात आणि म्हणालात, "अंग सोलकढीच्या रंगाचं. पण पंख उघडले की आत गडद लाल, आणि कडेला काळी पिसं." बाबा हसले. त्यांच्यापुढे तो रंग लख्ख उभा राहिला हे आम्हाला दिसत होतं. हा रंग खाण्यातून येतो, पिल्लं करडी असतात आणि गुलाबी व्हायला त्यांना काही वर्षं लागतात, हे ऐकल्यावर त्यांनी लगेच विचारलं, "मग आपल्या खाडीत एवढं खाणं आलं कुठून? आमच्या काळात तर कारखान्यांचं पाणी थेट इकडेच यायचं." इथे तुम्ही गोड बोलून वेळ मारून नेली नाहीत. शहराच्या सांडपाण्यामुळे शेवाळ वाढतं, ते या पक्ष्यांच्या इथे येण्याचं एक कारण मानलं जातं, आणि तेच पाणी खाडीतल्या माशांचा जीवही घेतं, असं तुम्ही दोन्ही सांगितलंत. बाबांनी त्या पट्ट्यात आयुष्य घालवलंय. त्यांना खरं सांगितल्याचा त्यांना फार आनंद झाला.

या खाडीचा एक भाग 2015 मध्ये रोहित अभयारण्य झाला. सुमारे 1,690 हेक्टर, त्यात 896 हेक्टर कांदळवन आणि बाकीचं पाणी. 2022 मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतर राज्यातली ही तिसरी पाणथळ जागा. हे आकडे बाबांनी पाठ केलेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. पण आकडे जपायला तुमच्यासारखी माणसं लागतात. होडीतले पंधरा-वीस जण फोटोसाठी हट्ट करत असताना त्यांना नाही म्हणणारं कुणीतरी तिथे हजर असावं लागतं. मे 2024 मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेने एकोणचाळीस रोहित मेल्याची बातमी मी बाबांना वाचून दाखवली होती, तेव्हा ती फक्त बातमी होती. आता ते तिचा पुन्हा पुन्हा विषय काढतात.

दादांना वेगळे आभार सांगा. परतताना बाबांनी त्यांना विचारलं, की भरतीची वेळ तुम्ही मोबाइलवर बघता का. ते म्हणाले, मोबाइल आता आला, आमचे आजे तिथीवर सांगायचे. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा. त्या दिवशी द्वादशी होती, बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. खाडीच्या आतल्या अंगाला पाणी जरा उशिरा पोचतं, तेवढं धरून चालायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, भांगेला पाणी फार चढत नाही. बाबांचं गणित पहिल्यापासून चांगलं. आता आई रोज सकाळी कालनिर्णयातली तिथी वाचते आणि चहा होईपर्यंत बाबा भरतीची वेळ सांगतात. "आत्ता गाळ उघडा असेल, खात असतील," असं मध्येच दुपारी म्हणतात.

तेव्हापासून "तुम्ही जाऊन या" हे वाक्य घरात ऐकू आलेलं नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून मासुंदा तलावावर न्यायला सांगितलं, आणि तिथे पोचल्यावर नातवाला म्हणाले, "चल, कारंजं किती वाजता आहे ते सांग." मुलगा हल्ली सगळं घड्याळातच सांगतो. ताटातसुद्धा. भात सहाला, वरण नऊला, लोणचं बाराला. बाबांना आता कुणाला विचारावं लागत नाही. तुम्ही एका सकाळी खाडीवर दिलेली गोष्ट आमच्या स्वयंपाकघरात रोज वापरली जाते, म्हणून हे पत्र लिहिल्यावाचून राहवेना.

एक विनंती आहे. डोळ्यांच्या दवाखान्यात बाबांना भेटलेले तिघे-चौघे आहेत, त्यांची दृष्टीही गेलेली किंवा जात आलेली. बाबांनी त्यांना चिप्पीच्या फळापासून पुलाच्या आवाजापर्यंत सगळं सांगून झालंय आणि आता त्यांना यायचंय. पक्षी मेपर्यंत असतात असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून त्याआधीची सकाळची फेरी मिळाली तर बरं होईल. बाबांचं म्हणणं, एकादशी किंवा द्वादशी बघा, म्हणजे भरती आठ-नऊच्या सुमाराला येईल आणि ऊन व्हायच्या आत परत येता येईल. प्रत्येकाबरोबर घरचं एक माणूस असेल. कोपर कसं द्यायचं ते आम्ही त्यांना शिकवून आणू. केंद्राच्या खिडकीवर मी येत्या शनिवारी चौकशीला येणार आहे, तुम्ही त्या दिवशी फेरीवर नसाल तर भेटूच.

तुमची,
कळव्याच्या काकांची मुलगी