इन्चार्ज नसलेल्या सिस्टरने पण निर्णय बोलून दाखवायला हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरात करिअरच्या पानावर लीडरशिपबद्दल जे येतं ते बहुतेक वेळा मॅनेजर आणि टीम लीडर लोकांसाठीच असतं, आणि त्यात सांगितलेलं असतं की ताठ बसा, नजरेला नजर देऊन बोला, स्वतःवर विश्वास ठेवा. मी सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका आहे, म्हणजे स्टाफ नर्स. आमच्यात परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, व्हायला निम्मी नोकरी जाते, पण नाइट ड्युटीला अख्खा वॉर्ड पहिल्या वर्षापासूनच आमच्यावर असतो, डॉक्टर ऑन कॉल आणि इन्चार्ज सिस्टर सकाळी येणार. त्यामुळे हाताखाली कुणी नसताना पुढाकार कसा घ्यायचा हा प्रश्न आमच्यासाठी रोजचा आहे, म्हणून लिहितेय.

माझं म्हणणं एवढंच आहे की असा आत्मविश्वास स्वभावातून येत नाही. समोर दिसतंय त्याचा अर्थ नीट कळला आणि आता काय करायचं हे बोलून टाकायची सवय लागली की तो येतो, आणि ती सवय लावता येते.

उदाहरण देते. डिलिव्हरी झालेली बाई आहे, पॅड भराभर भिजतायत, नाडी 120 आणि बीपी 100/70. नवीन मुलगी फोन करून सांगते, सर बीपी 100/70 आहे, पल्स जरा जास्त आहे, आणि थांबते. झोपेतून उठलेल्या डॉक्टरला 100/70 ऐकून बरंच वाटतं, तो म्हणतो बघत रहा, अर्ध्या तासाने सांगा. आता बाळंतीण बाईचं बीपी बराच रक्तस्राव होईपर्यंत टिकून राहतं, आधी नाडी वाढते, आणि नाडीचा आकडा वरच्या बीपीच्या पुढे गेला म्हणजे ती शॉकमधे, म्हणजे रक्त कमी पडून जीव धोक्यात यायच्या अवस्थेत, चालली आहे हे समजायचं. हे जिला माहिती आहे ती फोनवर म्हणते, "सर, नाडी बीपीच्या वर गेलीय, ब्लीडिंग थांबत नाही, मला पीपीएच (बाळंतपणानंतरचा जास्त रक्तस्राव) वाटतंय, तुम्ही लगेच या, मी सलाइनची दुसरी लाइन लावतेय आणि ब्लड बँकेला कळवतेय." दोघींसमोर आकडे तेच होते पण पहिलीने निरोप दिला आणि दुसरीने केस हातात घेतली, आणि पगार दोघींचा सारखाच आहे बरं का.

यासाठी एस-बार नावाची पद्धत आहे, अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून तिथल्या हॉस्पिटलांनी घेतलेली. फोन उचलायच्या आधी चार गोष्टी मनात लावून घ्यायच्या, आत्ता काय झालंय, पेशंटची मागची हिस्टरी काय, मला काय वाटतं आणि काय करायला हवं. पहिल्या दोन सगळ्यांना जमतात. तिसरीला आणि चौथीला आपल्या मुली अडखळतात कारण "तू डॉक्टर आहेस का" हे कधी ना कधी ऐकलेलं असतं. मी नवीन मुलींना सांगते की आधी चौथी गोष्ट कागदावर लिही आणि मगच नंबर लाव.

ओटीमधे, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधे, पण हेच. मॉप काउंट, म्हणजे रक्त टिपायच्या कापडांची मोजणी, जुळत नाही आणि सर्जनला क्लोज करायची घाई असते, तेव्हा "सर, एक मॉप कमी आहे, क्लोज करू नका" हे वाक्य स्क्रब सिस्टरनेच, म्हणजे सर्जनला हत्यारं देणाऱ्या सिस्टरनेच, बोलायचं असतं, तिथे दुसरं कोणी येणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मधे ऑपरेशनसाठी 19 मुद्द्यांची चेकलिस्ट काढली, ती आठ शहरांत वापरून बघितली, त्यात दिल्ली पण होती, आणि मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आलं. त्या चेकलिस्टमधे कापायच्या आधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं असतं. मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण सुरुवातीला ज्याचं तोंड उघडलं तो पुढे गडबड दिसली तर बोलतो. आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी होतं काय, तर ऑपरेशन संपल्यावर ड्युटी रूममधे बसून एकाच पेनाने सगळ्या टिका मारल्या जातात, नाव सांगणं वगैरे तर लांबच राहिलं. फाइल पूर्ण होते पण सिस्टरला बोलायची संधी काही मिळत नाही.

म्हणून नुसतं नर्सने धीट व्हावं म्हणणं मला पटत नाही. अमेरिकेत मिशिगनच्या आयसीयूंमधे सेंट्रल लाइनच्या, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या, इन्फेक्शनवर काम झालं, तिथे डॉक्टरने एखादी पायरी सोडली तर नर्सने त्याला थांबवायचं असं ठरलं होतं, आणि इन्फेक्शन दोन तृतीयांशापर्यंत कमी झालं, 2006 मधे ते प्रसिद्धही झालं. त्या नर्सेस काही जन्मतः धाडसी नव्हत्या, त्यांना थांबवायचा अधिकार होता.

आपल्याकडे एवढं तरी करता येईल. टाइम आउट, म्हणजे चेकलिस्टचा कापायच्या आधीचा भाग, स्टाफ नर्सने मोठ्याने वाचावा आणि तो होईपर्यंत सर्जनने ब्लेड मागू नये. हॅंडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना, सगळ्यात ज्युनिअर मुलीने पेशंट सांगावा आणि इन्चार्जने मधे न तोडता शेवटी दुरुस्त करावं. रात्री बोलावलं आणि पेशंट ठीक निघाला तरी डॉक्टरने "बरं केलंस बोलावलंस" म्हणावं, कारण एकदा चारचौघांत झापलं की ती मुलगी पुढच्या वेळी अर्धा तास उशिरा फोन करते आणि त्या अर्ध्या तासात बाई जाऊ शकते. आणि नर्सेस डेला भाषणं ठेवतात त्याऐवजी फोनवर कसं बोलायचं याची प्रॅक्टिस ठेवा, समोर खरे डॉक्टर बसवून, म्हणजे मुलींना बोलायची आणि डॉक्टरांना ऐकायची सवय एकदमच लागेल.

आपली,
एक अधिपरिचारिका, पश्चिम महाराष्ट्र