फळीखाली धरलेला हात

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

गेल्या रविवारी आमच्या मिरी कुत्रीने तिची पहिली अजिलिटी, म्हणजे कुत्र्यांची अडथळ्यांची स्पर्धा दिली. स्पर्धा संपल्यावर तुमचे आभार मानण्यासाठी मी तुमच्याजवळ आले खरी, पण गळा दाटून आला आणि "येतो, काका" एवढेच म्हणून मी मागे वळले. तेव्हा जे बोलता आले नाही, ते आज सर्वांसमोर लिहीत आहे.

मिरी ही रंकाळ्याच्या काठी पावसात भिजत बसलेली गावठी पिल्लू होती, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याकडे येण्यापूर्वी आम्ही दुसऱ्या एका प्रशिक्षकाकडे जात होतो. त्यांचे नाव घेण्याची माझी इच्छा नाही. तीन महिन्यांची फी त्यांनी आगाऊ घेतली आणि पहिल्याच आठवड्यात "गावठी कुत्र्याचे हे काम नव्हे" असे सर्वांदेखत सांगितले. मिरी तेव्हा अवघी नऊ महिन्यांची होती. तिची हाडे अजून कोवळी असताना त्यांनी तिला पूर्ण उंचीच्या अडथळ्यांवरून उड्या मारायला लावल्या. सीसॉवर, म्हणजे मधल्या आधारावर वरखाली कलणाऱ्या फळीवर, चढायला ती बिचकली, तेव्हा पट्टा ओढून तिला फळीवरून फरफटत नेले. फळी धाडकन जमिनीवर आदळली, मिरी किंचाळली आणि त्या दिवसानंतर फळी दिसली तरी ती माझ्या पायामागे लपू लागली. तो पट्टा त्यांच्या हातातून मी त्याच क्षणी काढून घ्यायला हवा होता, याची खंत मला आजही आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. उड्या, बोगदा, एका ओळीत रोवलेल्या 12 काठ्यांमधून नागमोडी धावणे, हे सारे कुत्रा पट्ट्याविना करतो आणि माणसाला त्याला हात लावायचीही मुभा नसते. त्यातही सीसॉची गोष्ट निराळी आहे. साडेतीन मीटरहून लांब आणि जेमतेम 30 सेंटिमीटर रुंद अशा त्या फळीवर कुत्रा चढतो आणि मधल्या आधारापलीकडे गेला की त्याच्या पायाखालची जमीनच जणू सुटते. तरीही फळीचे टोक जमिनीला टेकेपर्यंत त्याने थांबायचे असते. त्याआधी खाली उडी मारली तर चूक धरली जाते. आवाजाला घाबरलेल्या जिवाकडून नेमका तो आवाज होईपर्यंत थांबण्याची अपेक्षा करायची, इतके ते अवघड आहे.

कळंब्याच्या बाजूच्या मैदानावर तुम्ही तुमच्या कारवानी जातीच्या कुत्र्याला घेऊन येत होता, तिथे आपली ओळख झाली. तुम्ही मिरीची जात विचारली नाही, वय विचारले. ते ऐकून तुम्ही सगळे दांडे जमिनीवर ठेवले आणि म्हणालात, "आत्ता नुसतं ओलांडू दे. उड्या मारायला आयुष्य पडलंय." आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 18 महिन्यांच्या आतील कुत्र्याला स्पर्धेत उतरवताच येत नाही, हे मला तेव्हा प्रथम कळले. कुत्रा आपल्या शब्दांपेक्षा आपले खांदे आणि पाय वाचतो, हेही तुम्हीच शिकवलेत. या साऱ्याचे ऋण आहेच. पण आज मी लिहायला बसले आहे ती तुमच्या हातासाठी.

मिरी फळीला भीत नाही, आवाजाला भिते, हे तुम्ही एका सकाळीच ओळखलेत. त्यानंतर तुम्ही फळीच्या टोकाशी मांडी घालून बसलात, उजव्या तळहाताला रुमाल गुंडाळलात आणि तो हात फळीखाली धरलात. मिरी पुढे आली, फळी कलली आणि तुमच्या तळव्यावर अलगद विसावली. कसलाच आवाज झाला नाही. मिरीने खाली वाकून तुमचा हात हुंगला, तुम्ही डाव्या हाताने तिला खाऊ दिलात. पहिले कित्येक दिवस तुमचा हात जमिनीपासून वीतभर वर असे. मग चार बोटे, मग दोन. हिवाळ्यातल्या त्या गार सकाळी दवाने ओल्या झालेल्या गवतावर या वयात तुम्ही रोज बसत होता आणि माझ्याकडून चहाव्यतिरिक्त काहीही घेत नव्हता.

एके दिवशी फळीच्या कडेची चीर तुमच्या तळव्यात घुसली. रुमालावर लाल डाग पसरताना मला दिसला, पण तुम्ही हात काढला नाहीत. मिरीचा शेवटचा पाय गवतावर टेकल्यावरच तुम्ही फळी खाली सोडलीत. मी घाबरून विचारले, तेव्हा म्हणालात, "आत्ता हात काढला असता तर पोरीचा इस्वास ग्येला असता, ताई."

माझे आजोबा शाहूपुरीतल्या तालमीत जात. नवख्या पोराला डाव शिकवताना वस्ताद त्याला पाडत, पण पडताना त्याच्या मानेखाली स्वतःचा हात घालत, असे ते सांगायचे. लहानपणी मला त्यात विशेष काही वाटले नव्हते. आता वाटते की ज्याला खरोखर शिकवायचे असते, तो आधी समोरच्याच्या पडण्याची काळजी घेतो, मग तो आखाड्यातला पोरगा असो की रस्त्यावरून उचलून आणलेली कुत्री. अशी माणसे गाजावाजा करत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल इतरांनी बोलले पाहिजे.

रविवारी पुढच्या एका वळणावर माझा खांदा चुकीच्या बाजूला वळला, मिरीने इमानाने त्याच दिशेची उडी घेतली आणि आम्ही बाद झालो. त्याचे मला दुःख नाही, कारण त्याआधी सीसॉ झाला होता. मिरी फळीवर चढली, मध्ये क्षणभर तोल सावरून उभी राहिली, टोकापर्यंत गेली. फळी खण्णकन आदळली. ती हलली नाही. तिने मान खाली घालून फळीच्या कडेला, तुमचा हात जिथे असायचा तिथे, एकदा हुंगले आणि मगच ती पुढे धावली. तुम्ही दोरीपलीकडे उभे होता. तुम्हाला ते दिसले की नाही, मला माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहीत आहे.

तुमचा तो रुमाल माझ्याकडेच राहिला आहे. डाग पूर्ण गेलेला नाही, पण धुऊन घडी करून ठेवला आहे. येत्या रविवारी मैदानावर घेऊन येते.

तुमची,
मिरीची आई
राजारामपुरी, कोल्हापूर