हाताने घडणाऱ्या खेळाची वाट

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या ‘वाचकांची पत्रे’ या सदरात एका वाचकांनी असे मत मांडले होते की, जो व्हिडिओ गेम अजून तयारच झालेला नाही त्यासाठी परदेशातील अनोळखी माणसांना आगाऊ पैसे पाठवणे आणि ऑनलाइन जुगारात पैसे घालवणे यांत फारसा फरक नाही. त्या पत्रात कोणाचा नामोल्लेख नव्हता, तरी ते मला लागू पडते, कारण मी स्वतः असे पैसे पाठवले आहेत आणि आज तीन वर्षे त्या खेळाची वाट पाहते आहे. सांगलीतील एका माध्यमिक शाळेत मी ३१ वर्षे चित्रकला शिकवली. कागद, माती आणि पुठ्ठा यांच्याशीच माझा जन्म गेला, आणि त्याच ओढीने मी या खेळापर्यंत पोहोचले. त्याचे नाव येथे देत नाही, कारण हे पत्र त्याच्या जाहिरातीसाठी नाही.

जुगाराविषयी प्रथम. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली, हे योग्यच झाले. त्या खेळांपायी झालेली वाताहत मी ओळखीच्या दोन घरांत पाहिली आहे. परंतु ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, आणि पैसे न लावता खेळायचे खेळ त्याच कायद्याने वेगळे काढले आहेत. कायद्याने जो विवेक ठेवला, तो आपण बोलताना ठेवत नाही, आणि ‘गेम’ हा शब्द कानावर पडताच सगळ्यांना एकाच दावणीला बांधतो.

मी ज्याची वाट पाहते आहे तो हाताने घडवलेल्या बाहुल्या थोड्याथोड्या हलवत, एकेक छायाचित्र घेऊन तयार होणारा ‘पॉइंट अँड क्लिक’ प्रकारचा साहसखेळ आहे. पडद्यावर एखादी खोली दिसते. माउसने एखाद्या वस्तूवर दाबले की पात्र तिथवर चालत जाते, खण उघडते, किल्ली उचलून खिशात टाकते. त्या किल्लीचे कुलूप मात्र आपणच शोधायचे असते. बहुतेकदा यात पळते घड्याळ नसते आणि बंदूकही नसते. अडलो तर उठून चहा ठेवावा, पुन्हा येऊन तीच खोली नीट न्याहाळावी, आणि सकाळपासून डोळ्यांसमोर असलेली फुलदाणी अचानक ‘दिसावी’, असा त्याचा आनंद आहे. मुलांना वस्तुचित्र शिकवताना मी वर्षानुवर्षे हेच सांगत आले की, आधी बघा, मग पेन्सिल उचला.

या प्रकाराची ओळख मला १९९६ सालच्या ‘द नेव्हरहूड’ या खेळामुळे झाली. माझ्या भावाने पुण्याहून त्याची सीडी आणली होती. संगणकाशी तोवर माझा काडीचाही संबंध नव्हता, तरी मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले ती रात्री उशिरापर्यंत उठले नाही, कारण त्यातील भिंती, जिने, दारे आणि खुद्द नायकसुद्धा मातीचा होता, आणि त्या मातीवर घडवणाऱ्याच्या बोटांचे ठसे तसेच राहू दिलेले होते. इतका माणसाचा हात मला तोवर कोणत्याही यंत्राच्या पडद्यावर दिसला नव्हता.

असे काम किती कष्टाचे असते हे मला तीन वर्षांपूर्वीच्या बेंदरात कळले. आपल्याकडे बेंदराला कुंभाराकडून मातीची बैलजोडी आणण्याची रीत आहे. पूजा झाल्यावर माझा भाचा म्हणाला, “मावशी, हा बैल आपण चालवून दाखवू या.” पुस्तकांची चळत करून तिच्यावर मोबाइल टेकवला आणि बैल सुतासुताने पुढे सरकवत एकेक छायाचित्र घेऊ लागलो. पाहिले तर बैल चालत नव्हता, पाटावरून घसरत होता, कारण चारही पाय एकसंध. मग तांब्याच्या तारेवर शाडू चढवून वेगळा बैल केला. तो दुपारपर्यंत वाळला आणि पहिल्याच पावलाला गुडघ्यात तडकला. तिसरा बैल स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या तेलकट रंगीत मातीचा केला, कारण ती वाळत नाही. आता खिडकीतला उजेड आडवा आला. आषाढातले आभाळ ते. दर दोन मिनिटांनी ढग सरकायचा आणि प्रत्येक छायाचित्रात सावली निराळी पडायची. पडदे ओढून टेबललॅम्प लावला. ९६ छायाचित्रे झाली असताना भाच्याचे कोपर टेबलाला लागले, बैल, पाट आणि मोबाइल हे तिन्ही किंचित हलले, आणि ती जागा पुन्हा काही केल्या जुळेना. सेकंदाला बारा छायाचित्रे या हिशेबाने दोन रविवारांच्या मेहनतीतून आमच्या हाती आठ सेकंद आले. त्या आठ सेकंदांत बैल मान वळवतो आणि तीन पावले टाकतो. घरातल्या सगळ्यांनी ते पुन्हा पुन्हा पाहिले. त्याच महिन्यात मी त्या खेळासाठी पैसे पाठवले.

हे तंत्र परके समजण्याचेही कारण नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ असेच दिवसांमागून दिवस थोडेथोडे चित्रण करून पडद्यावर आणली आणि ती दाखवून भांडवल मिळवले. पुढे १९१५ मध्ये आगपेटीतल्या काड्या एकेक चौकट सरकवत नाचवणारा ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपटही त्यांनी केला.

चित्रपटापेक्षा खेळासाठी हे काम अधिक अवघड का, हे थोडे विस्ताराने सांगते, कारण लागणाऱ्या विलंबाचे मूळ येथेच आहे. चित्रपटात पात्र दारातून एकदा आत येते, कॅमेरा ते टिपतो आणि विषय संपतो. खेळात पात्राने केव्हा, कोठून कोठे जावे हे खेळणारा ठरवतो, आणि तो काय करील हे घडवणाऱ्याला आधी ठाऊक नसते. म्हणून डावीकडे चालणे, उजवीकडे चालणे, आपल्याकडे येणे, पाठमोरे जाणे, वाकणे, उचलणे, देणे अशी प्रत्येक हालचाल स्वतंत्रपणे चित्रित करावी लागते, आणि प्रत्येक हालचाल एकाच ठरावीक उभ्या स्थितीत सुरू होऊन त्याच स्थितीत संपावी लागते. केसभर फरक राहिला तरी दोन हालचालींच्या सांध्यावर बाहुली दचकल्यासारखी दिसते. डाव्या बाजूची चाल आरशासारखी उलटवून उजवीकडे वापरता येते खरी, पण पात्राच्या एका खांद्यावर झोळी असली की तीही सोय जाते, कारण वळताच झोळी दुसऱ्या खांद्यावर उडी मारते. टेबलावरची किल्ली उचलता येणार असेल तर तेच टेबल किल्लीसह आणि किल्लीविना असे दोनदा टिपायचे, कारण किल्लीबरोबर तिची सावलीही गेली पाहिजे. खोलीतला दिवा लावता-विझवता येणार असेल तर सगळेच दुप्पट.

त्यातून एखादे कोडे खेळून पाहणाऱ्यांना फार अवघड गेले आणि ते बदलायचे ठरले, तर संगणकावर काढलेल्या खेळात काही दिवसांत भागते. येथे मोडून ठेवलेली खोली पुन्हा उभारावी लागते, तेच दिवे त्याच उंचीवर टांगावे लागतात आणि दिव्यांच्या उष्णतेने मऊ पडलेल्या बाहुलीचा चेहरा पुन्हा घडवावा लागतो. माझ्या खेळाच्या कर्त्यांकडून दर दीड-दोन महिन्यांनी एक पत्र येते. मागच्या पत्रात मुख्य बाहुलीच्या मनगटाचे छायाचित्र होते. वारंवार वाकवून आतली तार तुटली होती, आणि हात नव्याने बसवल्यावर आधीच्या चित्रणाशी बोटांची ठेवण जुळवण्यात त्यांचे कित्येक दिवस गेले होते. ते छायाचित्र मी मोठे करून बराच वेळ पाहिले. आमच्या बैलाचा पाय असाच तुटला होता.

आता पैशाविषयी. अशा कामामागे मोठा प्रकाशक सहजी उभा राहत नाही, म्हणून लोकवर्गणी. ‘किकस्टार्टर’सारख्या इंटरनेटवरील व्यासपीठावर ठरवलेली रक्कम मुदतीत जमली तरच वर्गणीदारांचे पैसे घेतले जातात, अन्यथा नाही. ही दुकानातली खरेदी नव्हे, हे पैसे देणाऱ्याने मनाशी पक्के करावे. २०१२ मध्ये डबल फाइन या कंपनीने एका साहसखेळासाठी ४ लाख डॉलर मागितले आणि ८७ हजारांहून अधिक लोकांनी मिळून ३३ लाखांवर डॉलर दिले. पैसे जास्त आले तसा खेळाचा आराखडाही फुगला, आणि त्याच वर्षी यायचा तो ‘ब्रोकन एज’ दोन भागांत २०१४ आणि २०१५ मध्ये आला. ‘नेव्हरहूड’च्या कर्त्यांपैकी काहींनी २०१३ मध्ये ‘आर्मिक्रॉग’साठी ९ लाख डॉलरचे आवाहन केले, ते पूर्ण झाले आणि मातीचा तो खेळ २०१५ मध्ये आला. तो आला तेव्हा त्यात तांत्रिक उणिवा होत्या आणि समीक्षकांचे एकमत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. जर्मनीतील कोलोन शहरातील एका छोट्या गटाचा ‘हॅरोल्ड हॅलिबट’ तर २०१७ मध्ये लोकवर्गणीचे उद्दिष्ट गाठू शकला नाही. तरीही त्यांनी हाताने बाहुल्या आणि खोल्या घडवून त्या संगणकात उतरवल्या आणि एप्रिल २०२४ मध्ये खेळ पुरा करून दाखवला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या ‘राजी’लाही २०१७ मध्ये वर्गणी पुरेशी जमली नव्हती, आणि २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला.

आगाऊ पैसे म्हणजे बुडालेले पैसे, हे गृहीतक महाराष्ट्राने तरी धरू नये. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी पैसा-पैसा मागून ‘पैसा फंड’ उभा केला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. पैसा देणाऱ्याने अजून उभी न राहिलेल्या गोष्टीसाठीच तो दिला होता. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि १९७६ चा ‘मंथन’ हा चित्रपट त्यातून पूर्ण झाला.

माझा एक अनुभव कटू आहे, तो लपवत नाही. याआधी मी दुसऱ्या एका खेळाला वर्गणी दिली होती. दीड वर्ष पत्रे येत राहिली, मग अंतर वाढत गेले आणि एक दिवस ती थांबली. खेळ आला नाही आणि पैसेही परत आले नाहीत. रक्कम मोठी नव्हती, पण मन खट्टू झाले. आपल्या पत्रलेखकांचा राग अशा ठिकाणी रास्त आहे आणि मी त्यांच्या बाजूने उभी राहीन. ज्यांनी लोकांचे पैसे घेतले त्यांनी ‘जमले नाही’ हे दोन शब्द तरी लिहिले पाहिजेत. विलंब मला खुपत नाही. मनगटाच्या तुटक्या तारेचे छायाचित्र पाठवणाऱ्याला मी आणखी दोन वर्षेही देईन. मौन मात्र खुपते. पैसे देण्यापूर्वी मी आता दोन गोष्टी पाहते. घडवणाऱ्यांनी याआधी एखादे लहानसे काम शेवटास नेले आहे काय, आणि आवाहनाच्या चित्रफितीत खेळाचा थोडा तरी भाग खरोखर खेळताना दिसतो काय. नुसती सुंदर चित्रे दाखवणाऱ्याला मी पैसे देत नाही.

हे सारे सांगलीतून लिहिण्याला एक कारण आहे. १८४३ मध्ये याच गावात विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगवले, आणि ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन आपण त्यासाठीच पाळतो. भावे यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या आणि रामदास पाध्ये यांनी त्यांचे पुनरुज्जीवन केले, याची आठवण मात्र त्या दिवशी क्वचितच निघते. हाताने बाहुली घडवून तिच्याकडून गोष्ट सांगवून घेणे ही या गावाला नवी गोष्ट नाही. तार आणि माती घेऊन अंधाऱ्या खोलीत वाकलेले दूरदेशीचे ते चार-पाच कलावंत मला त्याच बिरादरीतले वाटतात.

म्हणून एक विनंती. आपल्या रविवारच्या पुरवणीत नाटक, चित्रपट आणि पुस्तके यांची परीक्षणे येतात आणि ती मी कात्रणे करून ठेवते. व्हिडिओ गेमची बातमी मात्र येते ती व्यसनाची, फसवणुकीची किंवा आत्महत्येची. त्या बातम्या आल्याच पाहिजेत, पण हाताने घडवलेला एखादा खेळ पुरा होऊन बाहेर पडतो तेव्हा त्याचा नेपथ्यकार कोण, प्रकाशयोजना कशी, कोडी गोष्टीला धरून आहेत की उगाच अडवणारी, हे सांगणारे एखादे परीक्षणही आपण छापावे. लिहिणारे मिळतील, सांगली-मिरजेत असे खेळ मन लावून खेळणारी कितीतरी मुले आहेत आणि त्यांपैकी काही माझ्याच हाताखालून गेली आहेत.

मी वाट पाहते आहे तो खेळ पुढल्या वर्षी येईल असे कर्त्यांनी शेवटच्या पत्रात कळवले आहे. बेंदूर त्याआधी येईल. भाच्याने आतापासूनच जाड तार आणून ठेवली आहे, आणि या खेपेस बैलाला गाडी जोडायची असा त्याचा हट्ट आहे.

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त चित्रकला शिक्षिका,
विश्रामबाग, सांगली