प्रणालीच्या नव्या आवृत्तीमुळे सभासदांचे खाते क्रमांक, तारखा व नावे बिघडल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. ग्राहक सेवा विभागप्रमुख,
हिशेब व शेतमाल खरेदी प्रणाली विभाग,
पुणे.

दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

विषय : २७ ऑक्टोबर २०२५ रोजी आपोआप बसलेल्या नव्या आवृत्तीतील दोष आणि ते दूर करण्याबाबत.

महोदय,

लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात सोयाबीन, तूर आणि हरभरा यांची खरेदी करणारी आमची शेतकरी उत्पादक कंपनी गेले सहा हंगाम आपली प्रणाली वापरत आहे. काटापट्टीपासून बँकेत पाठवायच्या यादीपर्यंतचे सगळे काम तिच्यावरच चालते आणि वार्षिक देखभाल कराराचे शुल्क आम्ही दर एप्रिलमध्ये आगाऊ भरतो. या कार्यालयात लेखा आणि संगणक ही दोन्ही कामे मीच पाहतो, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते सर्व मी स्वतः फायली उघडून तपासले आहे.

सोमवार, २७ ऑक्टोबर रोजी सकाळी संगणक सुरू केला तेव्हा नवी आवृत्ती आधीच बसलेली होती. तिच्यासोबत आलेल्या टिपेत 'कार्यक्षमतेत सुधारणा व किरकोळ दोषांचे निवारण' एवढीच ओळ होती. प्रत्यक्षात त्या दिवशी आपण आमचा सगळा डेटा जुन्या ॲक्सेस (मायक्रोसॉफ्टचा छोटा डेटाबेस प्रोग्राम) फाइलीतून नव्या डेटाबेसमध्ये हलवला होता आणि बँकेच्या यादीचे स्वरूपही बदलले होते. डेटाबेस बदलण्याला माझा विरोध नाही. ॲक्सेसच्या एका फाइलीला २ जीबीची मर्यादा असते, आमची फाइल तिच्या जवळ पोहोचली होती आणि हा बदल करावा असे मीच गेल्या वर्षी आपल्याला कळवले होते. मात्र तो ऐन सोयाबीनच्या आवकेत, न सांगता, एका ओळीच्या टिपेआड होईल अशी अपेक्षा नव्हती.

पहिला आणि सर्वांत गंभीर दोष खाते क्रमांकांचा आहे. पूर्वी आपली प्रणाली बँकेची यादी थेट एक्सेलच्या फाइलीत देत असे आणि तिच्यात खाते क्रमांकाचा रकाना मजकूर म्हणून लिहिलेला असे. नव्या आवृत्तीत हीच यादी सीएसव्ही फाइल म्हणून, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर म्हणून, निघते. सीएसव्हीत रकान्याचा प्रकार सांगण्याची सोयच नसते, त्यामुळे ती नेहमीप्रमाणे दोनदा क्लिक करून उघडली की एक्सेल खाते क्रमांकाला संख्या समजते. एक्सेल संख्येचे १५ अंकच नेमके राखते आणि सोळावा अंक शून्य करून टाकते. सुरुवातीची शून्येही गळतात. ३ नोव्हेंबरच्या यादीत ११२ शेतकरी होते आणि त्यांपैकी ४३ जणांचे खाते क्रमांक १६ अंकी होते. ज्या चौघांचा शेवटचा अंक मुळातच शून्य होता ते वाचले. उरलेल्या ३९ जणांचे क्रमांक चुकले. आकडे आखूड दिसतात म्हणून आमच्या लिपिकाने रकान्याचा प्रकार बदलून ते पूर्ण दिसतील असे केले, यादी जतन केली आणि बँकेला पाठवली. एकदा गेलेला अंक रकान्याचा प्रकार बदलून परत येत नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. यादी पाठवण्यापूर्वी मी ती जुन्या यादीशी ताडून पाहायला हवी होती, एवढी चूक आमची, आणि ती मी मान्य करतो.

एनईएफटीत, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याच्या पद्धतीत, रक्कम जमा होते ती खाते क्रमांकावरून. ३८ रकमा 'खाते अस्तित्वात नाही' म्हणून त्याच दिवशी परत आल्या. एक रक्कम मात्र तो चुकीचा क्रमांक खरोखरच अस्तित्वात असल्याने दुसऱ्याच कोणाच्या तरी खात्यात जमा झाली आणि बँकेशी लेखी पत्रव्यवहार करून ती परत मिळवण्यात आमचे ११ दिवस गेले. यंदा सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यातील शेतकऱ्यांचे काय झाले ते आपण वाचले असेलच. पाण्यातून वाचलेल्या चार कट्ट्यांची पट्टी हातात घेऊन पैसे का आले नाहीत हे विचारायला माणूस कार्यालयात येतो, तेव्हा त्याला पंधराव्या आणि सोळाव्या अंकाची गोष्ट सांगता येत नाही.

४ नोव्हेंबर रोजी आपल्या मदत केंद्राशी बोललो असता 'हा आमचा नव्हे, एक्सेलचा प्रश्न आहे' असे उत्तर मिळाले. एक्सेलचे हे वागणे नवे नाही आणि लपलेलेही नाही, म्हणूनच एक्सेलसाठी फाइल तयार करणाऱ्याने ते गृहीत धरायला हवे, आणि आपली जुनी आवृत्ती ते धरतही होती. खाते क्रमांक अंकांत लिहिला जातो, पण त्याची बेरीज कोणी करत नाही. ते अंकांत लिहिलेले नावच आहे आणि डेटाबेसमध्ये त्याची जागा मजकुराच्या रकान्यातच असते. आपल्या प्रतिनिधीने सुचवलेला दुसरा उपाय म्हणजे आपोआप होणारे हे रूपांतर एक्सेलच्या पर्यायांतून बंद करणे. ती सोय मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या एक्सेलमध्ये २०२३ पासून आहे. आमच्या तिन्ही संगणकांवर एक्सेल २०१६ आहे. तेथे ती नाही. सध्या मी एक्सेलच्या 'डेटा' विभागातून सीएसव्ही आत घेतो आणि तेथे खाते क्रमांकाच्या रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' निवडतो. त्याने क्रमांक शाबूत राहतात, परंतु रोज संध्याकाळी यादी काढणाऱ्या प्रत्येक लिपिकाने हे न विसरता करावे, यावर शेतकऱ्यांचे पैसे अवलंबून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

दुसरा दोष तारखांचा. नव्या फाइलीत तारीख आधी महिना, मग दिवस अशी येते, तर आमच्या संगणकांवर भारतीय मांडणी आहे. परिणामी ३ नोव्हेंबरची खरेदी आमच्या नोंदवहीत ११ मार्चला, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात गेली आणि १२ नोव्हेंबरची ११ डिसेंबरला, म्हणजे अजून न उजाडलेल्या दिवशी. तेरा तारखेपासून पुढे तेरावा महिना नसल्यामुळे एक्सेल त्या नोंदींना तारीखच मानत नाही. त्या नोंदी रकान्यात डावीकडे चिकटून मजकूर म्हणून पडून राहतात आणि महिन्याच्या बेरजेत धरल्या जात नाहीत. पहिल्या बारा दिवसांत फक्त ११ नोव्हेंबरची नोंद बरोबर आली, तीही योगायोगाने. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाची मांडणी वापरली असती तर हा गोंधळ झालाच नसता.

तिसऱ्या दोषाबद्दल मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आपल्या प्रतिनिधीला तो फोनवर समजला नाही. नव्या डेटाबेसमध्ये सभासदाच्या नावाच्या रकान्याची लांबी ३० ठेवलेली दिसते आणि ती अक्षरांत नव्हे तर बाइटमध्ये, म्हणजे संगणकाच्या साठवणीच्या लहान एककात, मोजली जाते. इंग्रजी नावाला ती बहुधा पुरते. देवनागरीचे मात्र यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत) प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना, मात्रा व हलन्त ही स्वतंत्र चिन्हे असतात. 'ज्ञानेश्वर' हे नाव डोळ्यांना चार अक्षरांचे दिसते. संगणकाला ती दहा चिन्हे असतात, म्हणजे नेमके ३० बाइट. त्यामुळे आमच्या यादीतील प्रत्येक ज्ञानेश्वराचे वडिलांचे नाव आणि आडनाव २७ ऑक्टोबरला गळून पडले. पैठणजवळचे आपेगाव ज्यांचे गाव मानले जाते त्या माउलींचे नाव आमच्या भागात घरोघरी ठेवतात, तेव्हा असे किती सभासद असतील याचा अंदाज आपण करू शकाल. एकनाथ १५ बाइटांत आणि नामदेव १८ बाइटांत बसतो म्हणून त्यांच्या वडिलांच्या नावाचा थोडा भाग तरी उरला. काही ठिकाणी अक्षर मधोमध तुटून चौकोन दिसतो. जुन्या ॲक्सेस फाइलीत मजकुराच्या रकान्यात २५५ अक्षरे मावत आणि ती अक्षरे म्हणूनच मोजली जात. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसांमध्येही ही लांबी अक्षरांतच धरतात. ओरॅकल या डेटाबेसमध्ये मुळात ती बाइटमध्ये असते आणि अक्षरांत हवी असल्यास तसे मुद्दाम लिहावे लागते. डेटा हलवण्याची चाचणी आपण मराठी नावांवर केली नव्हती, एवढाच निष्कर्ष यातून निघतो. महाराष्ट्रातील शेतकरी संस्थांना विकल्या जाणाऱ्या प्रणालीबाबत हे लिहावे लागते याचे वाईट वाटते.

सुदैवाने २५ ऑक्टोबरची जुनी फाइल मी वेगळ्या डिस्कवर ठेवली होती. तिच्यातून सभासद क्रमांकावरून जुळणी करून सभासदांची पूर्ण नावे आम्ही बाजूला काढली आहेत, पण आपल्या रकान्याची लांबी वाढल्याशिवाय ती परत भरता येत नाहीत.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात कळवतो. मराठी नोंदवहीची सीएसव्ही थेट उघडली की सगळा मजकूर विचित्र चिन्हांत दिसतो. आपल्या केंद्राने त्यावर नवा फॉन्ट बसवण्यास सांगितले. फॉन्टचा येथे काही संबंध नाही. फाइलीच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ओळखण्याची ३ बाइटांची खूण घातली की एक्सेल ती नीट वाचते. तसेच जिल्ह्यांच्या यादीत उस्मानाबाद आणि धाराशिव हे दोन वेगळे जिल्हे म्हणून आहेत. २०२३ मध्ये नाव बदलले, जिल्हा एकच आहे, आणि आमचा जिल्हावार अहवाल त्यामुळे दोन ओळींत फुटतो.

आमची मागणी अशी आहे की बँकेची यादी पूर्वीप्रमाणे एक्सेल फाइलीत, खाते क्रमांक व आयएफएससी (बँक शाखेचा संकेतांक) मजकूर म्हणून ठेवून मिळावी आणि नावाच्या रकान्याची लांबी अक्षरांत किमान १०० करावी, व ही दोन कामे तुरीची आवक सुरू होण्यापूर्वी म्हणजे डिसेंबरअखेर पूर्ण व्हावीत. तारखांची मांडणी त्यानंतर झाली तरी चालेल, परंतु ती केव्हा होणार ते लेखी कळवावे. यापुढे कोणतीही आवृत्ती बसवण्यापूर्वी किमान १५ दिवस आधी फाइलींच्या स्वरूपात आणि डेटाबेसमध्ये नेमके काय बदलणार आहे ते मराठीत कळवावे आणि हंगाम संपेपर्यंत ती पुढे ढकलण्याचा पर्याय आम्हाला द्यावा. परत आलेल्या रकमा पुन्हा पाठवण्याचा खर्च आणि दुरुस्तीत गेलेले दिवस लक्षात घेऊन चालू वर्षाचा देखभाल करार तीन महिन्यांनी विनामूल्य वाढवावा, अशी विनंती आहे.

३ नोव्हेंबरची मूळ सीएसव्ही, बँकेकडून परत आलेल्या रकमांची यादी आणि तुटलेल्या नावांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. शेतकऱ्यांचे खाते क्रमांक त्यांत झाकलेले आहेत. तपासणीसाठी पूर्ण क्रमांक हवे असल्यास आपला माणूस औशाला पाठवावा, ते ई-मेलने पाठवले जाणार नाहीत.

आपला विश्वासू,
(सही)
लेखा व संगणक विभाग,
शेतकरी उत्पादक कंपनी,
ता. औसा, जि. लातूर