जपानीच्या वर्गात रोमन लिपी कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुण्यात जपानी शिकू लागलेल्या अनेकांच्या वह्यांत कित्येक महिने रोमन अक्षरेच दिसतात, हे मराठी विद्यार्थ्यांच्या बाबतीत तरी अनाकलनीय आहे. हिरागाना व काताकाना या जपानीच्या दोन उच्चारानुसारी लिपींतील प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे आ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना अशा क्रमाने मांडलेली असून, हा क्रम बौद्ध भिक्षूंनी अभ्यासलेल्या संस्कृत वर्णमालेच्या प्रभावातून आलेला आहे. म्हणजे निम्मी वाट आपल्या पायाखालचीच. काताकानातील ‘शि’ आणि ‘त्सु’ ही दिसायला सारखी अक्षरे मात्र भल्याभल्यांना चकवतात. तिथे गिरवण्याला पर्याय नाही, कारण ‘शि’चा लांब फटकारा खालून वर जातो आणि ‘त्सु’चा वरून खाली येतो. पुढे २१३६ जोयो कांजी, म्हणजे नित्य वापरातील चिनी मूळची चिन्हे, आहेतच. तेव्हा शिक्षकांनी रोमन लिपी पहिल्या आठवड्यातच फळ्यावरून पुसावी, ही विनंती.

– एक विद्यार्थी, पुणे