बर्फात घर बघा, पण सही पावसाळा संपल्यावर करा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत पहाडात सेकंड होम घेण्याबद्दल जो लेख आला तो वाचल्यापासून चैन नाही म्हणून लिहितेय. औली, मनालीचे पांढरेशुभ्र फोटो आणि भाव वाढायच्या आत घेऊन टाका असा एकूण सूर. घर घेऊ नका असं मी म्हणत नाहीये, पण कधी घ्यायचं याबद्दल त्या लेखात जे लिहिलंय ते मला अजिबात पटलेलं नाही, कारण आम्ही त्यातून गेलोय.

जानेवारी 2022 मध्ये आम्ही दोघं उत्तराखंडात औलीला, म्हणजे जोशीमठ गावाच्या वर असलेल्या स्कीच्या ठिकाणी, गेलो होतो. मिस्टर नुकतेच रिटायर झालेले, फंडाचे पैसे हातात, समोर नंदादेवी, मुलं स्की लावून धडपडतायत, खाली चहावाला, कोणाचंही मन जाईलच ना. तिथल्या एका एजंटने जोशीमठच्या सुनील वॉर्डात, म्हणजे औलीच्या रस्त्यालाच, दोन खोल्यांचं कॉटेज दाखवलं. आतून सगळं लाकडी पॅनेलिंग, नवा रंग, खिडकीत डोंगर. टोकन दोन लाख, आणि ते आजच्या आज द्या कारण दिल्लीची पार्टी उद्या येतेय. मी 29 वर्षं सहकारी बँकेत कर्ज विभागात काढली आहेत, त्यामुळे घाई करणाऱ्या माणसाला मी पहिला प्रश्न कागदाचा विचारते. खतौनी, म्हणजे आपल्या सातबाऱ्यासारखा तिथला उतारा, मागितला तर म्हणाला व्हॉट्सअॅप करतो. जमिनीचं 143 झालंय का म्हणजे शेतजमिनीची बिनशेती झाली का विचारलं तर म्हणाला हो जाएगा. तिथेच मी मिस्टरांना म्हटलं की आपण पावसाळ्यात परत येऊ आणि मग ठरवू, त्यावर ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

ऑगस्टमध्ये गेलो. ऋषिकेशपासून अडीचशे किलोमीटरचा रस्ता, पागल नाल्याजवळ दरड आली म्हणून चार तास गाडीत बसून. पोचलो तर वॉर्डातून पाणी नुसतं वाट फुटेल तिथून वाहतंय, धड गटारं नाहीत. आम्ही ज्या ताईंकडे होमस्टेला उतरलो त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीला तिरपी भेग होती आणि त्या भेगेवर त्यांनी वहीचा कागद खळीने आडवा चिकटवलेला, कागदावर पेन्सिलने तारीख. कागद मधोमध फाटलेला होता. त्याच्या खाली दुसरा कागद, दुसरी तारीख, तोही फाटलेला. त्या म्हणाल्या मागच्या पावसापासून हे चाललंय, आम्ही अर्ज करून थकलो. मग आम्ही ते कॉटेज परत बघायला गेलो. पॅनेलिंगच्या एका फळीला बोट लावलं तर ती हलली, मागे अख्खी भिंत चिरलेली. जानेवारीत त्याच भिंतीला टेकून मी फोटो काढून घेतला होता!

पुढचं सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंच. जानेवारी 2023 मध्ये जोशीमठ खचलं, इस्रोच्या उपग्रहाच्या चित्रांवरून 12 दिवसांत 5.4 सेंटीमीटर जमीन खाली गेल्याचं आलं, साडेआठशेच्या वर इमारतींना भेगा पडल्या, धोक्याच्या घरांवर लाल फुल्या मारल्या, औलीचा रोपवे बंद केला, दोन मोठी हॉटेलं पाडावी लागली. ताईंच्या दारावरही फुली आली आणि पंधरा दिवसांत त्या कुटुंबासकट शाळेच्या खोलीत राहायला गेल्या. आमचे फक्त दोन लाख वाचले, त्यांचं अख्खं घर गेलं. आणि हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही, 1976 मध्येच सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने सांगितलं होतं की हे गाव जुन्या दरडीच्या मातीदगडावर वसलंय, इथे जड बांधकाम करू नका, पाण्याचा निचरा आधी करा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की स्कीच्या गावात घर घ्यायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारीत फक्त बघा. तेव्हा बर्फाखाली जमीन दिसत नाही, पाणी कुठून येतं दिसत नाही, आणि भाव सीझनचा असतो. श्रावणात जाऊन चार दिवस राहा, आणि सप्टेंबरअखेर पाऊस थांबल्यावर परत एकदा जा, मालक तेव्हा मोकळा असतो, बोलणंही नीट होतं. आम्हाला त्याच कॉटेजचा भाव ऑगस्टमध्ये न मागता चार लाखांनी कमी सांगितला होता.

बर्फावर भाड्याचा हिशोब मांडणाऱ्यांनीही जरा बघावं. फेब्रुवारी 2023 मध्ये औलीला राष्ट्रीय स्कीइंग स्पर्धा ठरली होती ती बर्फच नाही म्हणून रद्द करावी लागली. त्या भरवशावर कर्जाचा हप्ता कसा भरणार?

आणि कायद्याचं लेखात एक वाक्यही नाही याचं मला जास्त वाईट वाटलं. उत्तराखंडात 2025 च्या नव्या कायद्याने हरिद्वार आणि ऊधमसिंह नगर सोडून बाकी 11 जिल्ह्यांत बाहेरच्या माणसाला शेतीची किंवा बागायतीची जमीन घेता येत नाही, शहराच्या हद्दीबाहेर घरासाठी 250 चौरस मीटर, तेही प्रतिज्ञापत्र देऊन. मनालीला तर हिमाचलच्या 1972 च्या जमीन कायद्याचं कलम 118 आहे, हिमाचलचा शेतकरी नसाल तर सरकारच्या परवानगीशिवाय जमीन नाही, आणि आपला इकडचा सातबारा तिथे चालत नाही. आपल्याकडचे कितीतरी लोक नोटरीच्या कागदावर पैसे देऊन बसलेत, माझ्या ओळखीत दोन आहेत.

तुम्ही या विषयावर पुढचा लेख छापणार असाल तर कृपा करून तुमच्या वार्ताहराला ऑगस्टमध्ये पाठवा आणि एजंटच्या आधी सुनील, मनोहरबाग या वॉर्डांतल्या बायकांशी बोलायला सांगा. त्या ताई आता खाली भाड्याच्या खोलीत राहतात, मी त्यांना विचारलंय, त्या बोलायला तयार आहेत.

एक वाचक, नाशिक